सात वाजून तीन मिनिटं

रायमुंड टेस्मरने तीन परक्या देशांचे राष्ट्रीय फुटबॉल संघ घडवले. ज्या देशाच्या संघाला 'हत्ती' म्हणत, तिथे तर लोकांनी पोरांना त्याचं नाव ठेवलं. पण परदेशातून बोलावणी यायची थांबली, बायकोही गेली, तेव्हा अडुसष्टाव्या वर्षी त्याला एकच हवं होतं. जर्मनीच्या रूर भागातल्या खाणवस्तीतल्या ज्या क्लबात तो लहानाचा मोठा झाला, त्या क्लबाच्या संघाला शिकवायचं. नाहीतर दिवस काढायचे कसे?

क्लबाच्या वार्षिक सभेला तो आत शिरला, तशी म्हाताऱ्यांनी मुठींनी टेबलं वाजवून त्याचं स्वागत केलं.

"काय रे, हत्तींनी हाकललं का तुला?" खाणीत जन्म घालवलेला एगॉन ओरडला.

"हत्ती तुझ्यापेक्षा बरे पळायचे!"

सगळे हसले. बिअर आली, सॉसेज आलं. सातवा विषय होता नवा प्रशिक्षक. रायमुंड उभा राहिला.

अध्यक्ष डेटलेफने चष्म्यावरून पाहिलं. "अर्ज?"

"मीच उभा आहे की."

"अर्ज लेखी लागतो. सभेच्या चौदा दिवस आधी. आलाय तो एकच, बेकरीवाल्या टिमोचा."

"अरे डेटलेफ, मी तीन देश..."

"देशांचं मला काय सांगतोस? इथे नियमावली आहे."

"सोड ना आता," एगॉन म्हणाला. "हात वर करायला सांग सगळ्यांना."

डेटलेफने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शहाऐंशी साली मी संघात होतो. अंतिम सामन्याची बस सातला सुटायची होती. आईला दवाखान्यात पोचवून मी धावत आलो, सात वाजून तीन मिनिटांनी. बस कोपऱ्यावर वळत होती. प्रशिक्षक कोण होता?"

डेटलेफने रायमुंडकडे बोट दाखवलं.

"सामना आपण जिंकलो. तिथूनच तुझं नाव झालं, रायमुंड. दुसऱ्या दिवशी मला काय म्हणालास, आठवतं?"

रायमुंडला आठवत होतं. तेच वाक्य त्याने पुढे तीन देशांत, तीन लिप्यांत, कपडे बदलायच्या खोल्यांच्या भिंतींवर रंगवून घेतलं होतं. नियम तो नियम.

"आई कशी होती, ते मात्र विचारलं नाहीस."

"कशी होती?" रायमुंडने हळूच विचारलं.

"तेहतीस वर्षं उशीर झाला."

मग डेटलेफने टिमोसाठी मत घेतलं. हात वर गेले, एगॉनचाही. रायमुंड अजून उभाच होता. तोही क्लबाचा सभासदच. सगळे त्याच्याकडे पाहायला लागले, तेव्हा त्यानेही हात वर केला.

"एकमताने," डेटलेफने लिहून घेतलं. "बस आता खाली. अजून पाच विषय आहेत."