पंचेचाळीस किलोंची मी आणि गॅरेजचं छत

मी एक जुनी पंचिंग बॅग आहे, मित्रांनो. वजन चांगलं पंचेचाळीस किलो, आणि त्याची मला मुळीच लाज नाही! अमेरिकेतल्या एल पासोच्या एका बॉक्सिंग जिममध्ये कातड्याच्या पोटात चिंध्या ठासून मला शिवलं. अकरा वर्षं मी गुद्दे खाल्ले. लोक कौतुकाने थोपटायचे. मग नवी बॅग आली आणि मी दोन वर्षं फरशी पुसायच्या बादलीशेजारी पडून राहिले. कुणी ढुंकून बघेना. फार वाईट वाटायचं हो.

आणि एक दिवस येसेनिया आली! सोळा वर्षांची पोर, शनिवारी तिची पहिली लढत. सरावाला घरी बॅग हवी म्हणून तिने मला मागून नेलं. मी आनंदाने उसवायचीच बाकी होते!

मला गॅरेजच्या छताला टांगायचं काम तिच्या वडिलांनी, रोहेलियोने अंगावर घेतलं. तो मेक्सिकोतल्या चिवावाचा गवंडी, इकडे अमेरिकेत येऊन जेमतेम चार महिने झालेले. त्याच्या गावी छत काँक्रीटचं. भोक पाडायचं, भोकात फुगून बसणारा फास्टनर ठोकायचा, आवळला की झालं. इथेही त्याने तेच केलं. लोखंडी पट्टीला चार फास्टनर. ड्रिल सुर्रकन आत गेलं.

"बघ, कसं लोण्यासारखं गेलं!" तो खूश.

"तेच तर म्हणतेय," त्याची बायको मारिक्रूस म्हणाली. "छत आहे की चीज?"

"अगं, वीस वर्षं घरं बांधतोय मी. तू तुझे तमाले वाफवायचं बघ."

पण ते छत म्हणजे जिप्समचा पातळ बोर्ड होता, मित्रांनो! भार पेलणाऱ्या लाकडी तुळया त्याच्या वर लपलेल्या. मी लटकले मात्र, फास्टनर कणाकणाने सरकताना मला कळत होते. खाली येसेनिया ग्लोव्ह्ज चढवत होती. ओरडावं तर मला तोंड नाही!

"थांब गं येसे," मारिक्रूस म्हणाली. "आधी तुझा बाप लटकेल."

"लटकतो की! घाबरतो का काय?" रोहेलियोने मला मिठी मारली आणि पाय उचलले.

धाडकन! बोर्डाच्या तुकड्यासकट आम्ही दोघं खाली. पट्टी त्याच्या कानाजवळून गेली.

"पाय हलव आधी!" मारिक्रूस किंचाळली.

"हलतोय." तो पांढराफटक पडला होता. "ही इथे उभी राहणार होती... चुकलो गं पोरी. तिकडचं इकडे चालवलं, चुकलो."

मग त्याने भगदाडातून टॉर्च मारून तुळया शोधल्या. दोन तुळयांना आडवं जाड लाकूड लावलं, आधी बारीक भोकं पाडली आणि लांब बोल्ट घट्ट पिळले. मला पुन्हा टांगून स्वतः लटकला. मारिक्रूसही लटकली!

"फोटो काढू का दोघांचा?" येसेनिया हसून लोटपोट. काहीही हललं नाही.

आणि मग तिने गुद्दे हाणले! काय सांगू, मला हाडं असती तर खिळखिळी झाली असती. पण मी झुलत होते नुसती!

म्हणून सांगते, मित्रांनो, मला टांगण्याआधी छत ठोकून बघा, लाकूड शोधा, स्वतः लटकून बघा. जन्मभर मी मार खाल्लाय, तोही आनंदाने. मला कुणाला मारायला लावू नका.