मोरीपर्यंतचं सागवान

घमेल्यातला तिसरा तुकडा झुलालनं बाहेर काढला, लेंग्यावर पुसला आणि त्याच्याभोवती दोरा गुंडाळला. आठ दिवसांपूर्वी या दोऱ्याची टोकं एकमेकांवरून बोटभर पुढे जात होती. आता ती जेमतेम भेटत होती.

"फुगलं," झुलाल म्हणाला.

समोर बसलेल्या जब्बार मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "झुलालभाऊ, ही लकडी आहे. तुमच्या पंपाचा वायसर नाही. आठ दिवस बुडवून ठेवलं तर लकडीच काय, माणूसपण फुगेल."

"म्हनीसनच बुडाडं," झुलाल शांतपणे म्हणाला.

जब्बारनं आणलेले चारही तुकडे असे एकेक करून नापास झाले. प्लायवूड तर भिजलेल्या वहीसारखं पानापानानं सुटलं होतं. बाभूळ फुगली नाही, पण वाळताना वाकडी झाली. आंबा झुलालनं घमेल्यात टाकलाच नव्हता. हातात घेतला आणि बाजूला ठेवून दिला, का ते सांगितलं नाही. उरलं नवं सागवान. तेही कच्चं निघालं.

धुळ्यात त्या वर्षी, म्हणजे एकोणनव्वद साली, जो तो घरात फरशी बसवत होता. झुलाल मात्र असलेल्या शहाबादी फरशीवर लाकूड बसवायला निघाला होता, म्हणून गल्लीतले लोक हसत होते. हसणाऱ्याचं काय जातं? पण झुलालचं तिथलं राहणंच त्या लाकडावर अडलं होतं.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत तो दोन तालुक्यांतला नावाजलेला पंपवाला होता. बांधावर उभा राहून नुसत्या आवाजावरून पाइपाच्या तळाच्या फुटवालला कचरा अडकलाय की वायसर गेलाय ते सांगायचा. सोनगीरला मित्राच्या, पंडितच्या विहिरीवर पाइप वर ओढताना तो खाली पडला आणि कमरेखालचं शरीर गेलं. मग पंपवाल्यानं पंपवाल्यासारखाच मार्ग काढला. जुन्या मोटारींची चार बेरिंगं पाटाला ठोकली आणि हातांनी जमीन रेटत घरात फिरू लागला. खाटेपासून मोरी अकरा हातांवर. पण बेरिंगं फरशीच्या सांध्यात अडकत, आणि मोरीजवळच्या ओल्यात पाट असा घसरे की दोनदा तो उलथा पडला होता.

त्यामुळे बायको कुंदाबाई वसतिगृहातला स्वयंपाक अर्धा टाकून दिवसातून तीनदा घरी धावत यायची आणि त्याला उचलून न्यायची. आता डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, वजन उचललंत तर तुमचीही कंबर जाईल. यावलहून झुलालचा धाकटा भाऊ वना येऊन सांगून गेला होता, "दादा, आखाजीले मी तुले ली जासू. मना घर चार गडी शेतस, तुले उचलतीन."

वना प्रेमानंच बोलला होता. पण 'उचलतीन' हा शब्द झुलालच्या मनातून जाईना. केळीच्या घडासारखं इकडून तिकडे उचलून ठेवायचं, आणि कुंदाबाई इथे एकटी. मोरीपर्यंत आपलं आपण जाता आलं, तर कुणाला उचलावं लागणार नव्हतं. त्यासाठी खाटेपासून मोरीपर्यंत बिनसांध्याची, पाणी पडलं तरी न फुगणारी लाकडाची वाट हवी होती. आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, महिन्यावर आली होती.

"आता सांगा, कोणती लकडी आणू?" जब्बार म्हणाला. "आसमानातून?"

झुलालनं हातातला दोरा बोटाला गुंडाळला. उत्तर त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तेच टाळण्यासाठी तर त्यानं आठ दिवस घमेल्याचा खेळ मांडला होता.

"पंडितनी विहीरवर मोटना येळना दोन सागना तुये व्हतात," तो शेवटी म्हणाला. "मी पडनू, मंग लोके बोलाले लागनात, म्हनीसन त्यानी ते काढीसन नालामा टाकी देयेल शेतस. तीन पावसाया खायात त्यास्नी. तेच लाकूड आन."

चहा घेऊन येणारी कुंदाबाई दारातच थांबली.

"ज्या लाकूडनी तुम्हले पाडं, ते मना घरमा?" तिचा आवाज चढला. "त्या पंडितनं नाव या घरमा काढानं नही!"

तिचा राग साऱ्या गल्लीला ठाऊक होता. पंडितनं विहिरीवर कुजकी लाकडं ठेवली आणि माझ्या माणसाचा घात केला, हे ती तीन वर्षं जो भेटेल त्याला सांगत आली होती. अपघातानंतर पंडित दोनदा घरी आला, तेव्हा तिनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. खानदेशात दारी आलेल्या वैऱ्यालाही पाण्याचा तांब्या मिळतो. पंडित दोन्ही वेळा कोरड्या घशानं परत गेला.

"कुंदा, त्या लाकूडनी नही पाडं माले," झुलाल म्हणाला. तो बायकोकडे न बघता घमेल्यातल्या पाण्याकडे बघत होता. "ते शेवाळेल व्हतं. माले वाटनं, जुनं शे, कुजेल व्हई. म्हनीसन मी आंबानी नवी फळी आनी, आडवी टाकी आन तिनावर उभा ऱ्हायनू. ती मोडनी. जुनं लाकूड जागवरथीन हालनंबी नही. पंडित 'नको' म्हने. मीच आयकं नही."

जब्बार मिस्त्रीनं उगाच आपली फूटपट्टी उघडली आणि मिटली.

"तीन वरीस सांगं नही तुम्ही," कुंदाबाई म्हणाली.

"बठ्ठा लोके म्हनेत, झुलालना हात कधी चुकस नही." झुलालनं बोटावरचा दोरा सोडला. "तेवढंच उरेल व्हतं मनापान."

कुंदाबाईनं चहाचे कप खाली ठेवले आणि ती आत गेली. बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज येत राहिला. घासलेलीच भांडी ती पुन्हा घासत होती, हे दोघांनाही कळत होतं. मग आतूनच ती म्हणाली, "दोनदा उना व्हता तो. मी त्याले पानी इचारं नही."

दुसऱ्या दिवशी जब्बारनं टेम्पो आणला. तीन वर्षांत दवाखाना सोडला तर झुलाल प्रथमच घराबाहेर पडला. सोनगीरचा किल्ला दिसू लागला तशी त्यानं पाटाची कड घट्ट धरली.

पंडित नाल्याकाठी उभाच होता. तुये, म्हणजे त्या जुन्या तुळया, अर्ध्या गाळात होत्या, वरून काळ्याठिक्कर. जब्बारनं एकीच्या कडेला करवत लावली. दोन बोटं आत गेल्यावर मधासारखा पिवळा भुसा पडू लागला आणि तेलकट वास सुटला. मिस्त्रीनं भुसा चिमटीत धरला. "या अल्ला! हे तर कालच कापल्यासारखं आहे."

झुलालनं मित्राकडे मान वर करून पाहिलं. "पंडित, गावनी तुले बोल लावा. तुले तर बठ्ठं मालूम व्हतं. तू बोलना का बरं नही?"

पंडितनं खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसलं. "तू जगस का मरस, तेच माले समजे नही. तवय मी लाकूडनी वकिली करू का?"

झुलालच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यानं लपवलं नाही.

घरी आल्यावरही त्यानं आपला हट्ट सोडला नाही. या सागाचाही एक तुकडा आठ दिवस घमेल्यात बुडाला. जब्बार रोज येऊन चरफडत बघून जायचा. नवव्या दिवशी दोरा गुंडाळला, तर टोकं पहिल्यासारखीच बोटभर पुढे गेली. मग मात्र मिस्त्रीचा रंधा थांबला नाही. फळ्या एकमेकींत अशा बसवल्या की नख शिरू नये. खाली हवा खेळायला पट्ट्या, वर जवसाच्या तेलाचे तीन हात.

आखाजीच्या सकाळी वना जीप घेऊन आला. दादाला टेकायला दोन लोडही आणले होते. ओट्यावर पंडित बसला होता. त्याला कुंदाबाईनं निरोप धाडून बोलावलं होतं. वना आत येऊन झुलालच्या काखेत हात घालायला वाकला.

"थांब," झुलाल म्हणाला. "पैले घरमा पाहुना उना शे, त्याले पानी देऊ दे."

खाटेवरून तो पाटावर उतरला आणि हातांनी रेटा दिला. बेरिंगं सागावरून घरघरत निघाली, कुठे अडली नाहीत. मोरीजवळच्या माठातून त्यानं तांब्या भरला, मांडीत ठेवला आणि खाटेजवळच्या उंबऱ्यापर्यंत आला. निम्मं पाणी वाटेत सांडलं होतं. कुंदाबाई चुलीपाशी उभी होती. मदतीला धावण्याची तिला सवय होती, पण तिनं पदर मुठीत धरला आणि जागची हलली नाही.

पंडित आत आला, उंबऱ्याशी बसला आणि तांब्यात उरलेलं पाणी एका दमात प्यायला. वना सांडलेल्या पाण्याकडे बघत राहिला. ते लाकडावर थेंबाथेंबानं तसंच उभं होतं. त्यानं लोड उचलले आणि खाटेवर नीट लावून ठेवले.

कुंदाबाई पुढे आली. तिनं रिकाम्या तांब्यासाठी हात पुढे केला.

"पंडितभाऊ," ती म्हणाली, "आखो पानी लेतस का?"

पंडितनं होकारार्थी मान डोलावली. पण तांब्या तोवर झुलालनं घेतला होता, आणि पाट मोरीकडे निघाला होता.