'रे'ची उंची

माझ्या वडिलांना त्यांची जीप साडेतीन इंच उंच करायची होती. नाल्यातले दगड खालून लागतात, असं कारण ते सगळ्यांना सांगत. नाल्यात दगड आहेत, ते खोटं नाही. पण साडेतीन इंचांचा संबंध दगडांशी नव्हता, मुन्नालाल कटरेच्या ट्रॅक्टरशी होता.

मुन्नालाल आणि माझे वडील शालिकराम एकाच वर्षी जन्मले आणि चौथीपर्यंत एकाच वर्गात होते. पुढे मुन्नालालच्या वाट्याला बापजाद्यांची धानाची जमीन आली आणि बाबांच्या वाट्याला तिथली मजुरी. तेव्हापासून तो बाबांना "का रे शालक्या" म्हणतो आणि बाबा त्याला "हो जी मुन्नाभाऊ" म्हणतात. दोघांनी साठी ओलांडली, दोघांचे केस गेले. 'रे' आणि 'जी' मात्र आपापल्या जागी टिकून होते.

मधली अठ्ठावीस वर्षं बाबा एसटीत ड्रायव्हर होते. त्या काळात हाच मुन्नालाल कोहमाऱ्याच्या फाट्यावर उभा राहून, मान वर करून, "थांबवा जी शालिकरामभाऊ!" असं ओरडायचा. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे. बाबा निवृत्त होऊन बसमधून उतरले आणि आठवड्याच्या आत पुन्हा शालक्या झाले. दुसऱ्या कोणी यातून जातीबद्दल किंवा माणसाच्या स्वभावाबद्दल काही निष्कर्ष काढला असता. बाबांनी काढला तो असा, की 'रे' उंचीवर अवलंबून असतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. मला हा सिद्धांत खोडता आला नाही, कारण सगळी निरीक्षणं त्याच्याच बाजूची होती.

निवृत्तीनंतर बाबांनी एका जंगल ठेकेदाराची जुनी फोर बाय फोर जीप घेतली. आमचा शेताचा तुकडा नाल्यापलीकडे, जंगलाला लागून आहे. तिथे दुसरं काही पोचत नाही. जायचं नहराच्या पाळीवरून, म्हणजे कालव्याच्या बांधावरून, आणि पाळीवर रोज समोरून मुन्नालालचा ट्रॅक्टर यायचा. तो वर, बाबा खाली, आणि मधून पडणारा 'रे'. शेवटी बाबांनी राइस मिलसमोर उभ्या असलेल्या त्या ट्रॅक्टरची सीट आईच्या शिलाईच्या टेपने मोजून आणली. मुन्नालालचं धड आखूड आहे, ते बाबांच्या पथ्यावर पडलं. वजाबाकी करून साडेतीन इंच निघाले.

"बाबा, सीटखाली जाड गादी टाका," मी म्हटलं. "फुकटात होईन."

"न्हाव्याच्या दुकानात पोट्ट्याले फळीवर बसवते, तसा बसू का मी? गाडी उचलली पायजे."

कोहमाऱ्याला एका ढाब्यामागे ओमेशचं गॅरेज आहे. ओमेशने जीपखाली जाऊन पाहिलं, बाहेर आला आणि म्हणाला, "काका, बजेट?" बाबांनी आकडा सांगितला. ओमेश पुन्हा जीपखाली गेला.

नागपूरहून तयार किट मागवायचं तर बजेटच्या तिप्पट. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडी गुटके ठोकणं स्वस्त, पण मग मागची बाजू वर आणि पुढची खाली. "म्हंजे गाडी मुंडी घालून चालन," बाबा म्हणाले. तो विषय तिथेच संपला. पाटे ज्यांना लटकतात त्या पट्ट्या लांब लावल्या तरी उंची मिळते, फक्त स्टिअरिंग भरकटतं. सगळी नोकरी बिनअपघाताची काढलेल्या माणसापुढे हेही चाललं नाही.

"सबसे सस्ता बोले तो," ओमेश म्हणाला, "बॉडी के नीचे रबर के ठोकळे डाल देते. बॉडी उठेगी, सीट उठेगी. पर काका, नीचे का सामान वहीच रहेगा. तुमचे पत्थर लगनेच वाले."

बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांना फक्त सीटच उचलायची होती. खरं कारण सांगितलं असतं तर निम्म्या पैशांत काम झालं असतं, पण थाप मारताना माणूस तिचा खर्च धरत नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "नको. दगड लय मोठे हायेत."

शेवटी ठरलं ते असं: जुने पाटे भट्टीत तापवून त्यांना नवी कमान द्यायची, चारही बाजूंना एकेक जादा पाटा टाकायचा, शॉकअप आणि ब्रेकच्या नळ्या लांब घ्यायच्या, टायर वापरलेले पण मोठे. "सवारी कडक होगी," ओमेशने बजावलं. "और पाटे बैठते भी हैं काका. महिनाभरात अर्धा-पाऊण इंच खाली येतीन."

"म्हंजे महिन्याच्या आतच..." बाबा म्हणाले आणि बोटांवर दिवस मोजू लागले.

जीप घरी आली. आईने एक पाय उचलला. तो पायरीपर्यंत पोचला नाही. आईने पाय खाली घेतला आणि बाबांकडे पाहिलं. "तुमच्या बराबरीपायी मी पायदळ येऊ का जी?" दुसऱ्या दिवसापासून ती प्लास्टिकचा स्टूल बरोबर घेऊन निघू लागली.

बाबांचं लक्ष तिकडे नव्हतं. मुन्नालाल नेमका तिरोड्याला भाचीच्या लग्नाला गेलेला होता. इकडे पाटे बसत होते. बाबा सकाळ-संध्याकाळ काही काम नसताना नहराच्या पाळीवर चकरा मारायचे आणि घरी येऊन टेपने जीप मोजायचे. रविवारी मलाही नेत. ती जीप इतकी आदळायची की माझे मणके मला एकेक करून मोजता आले. "फोन करून बोलवा ना त्याला," मी वैतागून म्हटलं. "मुहूर्त काढा, पत्रिका छापा."

तो भेटला तोही रविवारीच. ट्रॉलीत धानाची पोती, पुढे ट्रॅक्टरच्या सीटवर मुन्नालाल. पाळ अरुंद. दोन्ही गाड्या तोंडाला तोंड लावून थांबल्या, मग मुन्नालालने बोलायला म्हणून ट्रॅक्टरचं तोंड जीपच्या बाजूने थोडं पुढे काढलं; मागची रुंद ट्रॉली तिथून निघणार नव्हती. मी बाबांच्या शेजारच्या सीटवरून पाहिलं. दोघांचे डोळे एका रेषेत होते. इतकं सरळ त्यांनी एकमेकांकडे चौथीनंतर पाहिलं नसेल.

मुन्नालालने टायर पाहिले, मग बाबांना पाहिलं.

"का रे शालक्या," तो म्हणाला, "गाडी मोठी उची करून टाकलास?"

भट्टी, नळ्या, आईचे गुडघे, माझे मणके, सगळं त्या एका अक्षरात वाया गेलं होतं. मला मुन्नालालचा राग आला, बाबांचा आला आणि भौतिकशास्त्राचाही आला.

बाबांनी सवयीने तोंड उघडलं. सवयीने मानही वर न्यायला लागले, पण वर पाहण्यासारखं काही नव्हतं. मुन्नालालचं तोंड समोरच होतं.

"हो रे मुन्न्या," बाबा म्हणाले.

ट्रॅक्टर धडधडत राहिला. मुन्नालालने मागे वळून पाहिलं, ट्रॉलीवर दुसरा कोणी मुन्न्या बसलाय का ते. कोणी नव्हतं. मग त्याने गमछ्याने तोंड पुसलं. ते आधीही कोरडंच होतं.

"ट्रॉली भरून हाय," तो म्हणाला. "मांगं नाई जात."

त्या वाक्यात 'रे' नव्हता. 'जी'सुद्धा नव्हता. बाबांनी रिव्हर्स टाकला आणि पार वळणापर्यंत जीप मागे नेली. भरल्या ट्रॉलीला वाट द्यावीच लागते. या पाळीवर ते नेहमीच मागे सरत आले होते, पण शीळ घालत सरलेले मी पहिल्यांदा पाहिले. मला फार आनंद झाला.

घरी आई सुपात तांदूळ पाखडत होती. तिच्या कमरेचं अर्धं दुखणं मुन्नालालच्या बांधीत वाकून केलेल्या धानाच्या रोवणीचं आहे. आम्हाला पाहून ती थांबली.

"भेटला का? जी म्हनला?"

"नाई. रे म्हनला."

"मंग पैशे पान्यात गेले."

"मी बी म्हनलो."

"काय म्हनले?"

"हो रे मुन्न्या, म्हनलो."

आईने सूप खाली ठेवलं. ती हसली नाही. उठली, दारातून बाहेर दोन्हीकडे पाहिलं, दार लोटून कडी घातली आणि येऊन बाबांच्या समोर बसली.

"आता म्हना," ती म्हणाली. "मोठ्यानं."