विसरून खाल्लेला हरभरा

कामथडीच्या दस्तगीर पिंजाऱ्याची जैतून आठ वर्षांची होती, पण तिच्याशी वाद घालायची हिंमत मोठी माणसंही सहसा करत नसत. त्या वर्षी रमजान ऐन थंडीत आला आणि तिनं घरात एकच धोशा लावला, मला रोजा धरायचाय. दस्तगीर दिवसभर लोकांच्या गाद्यांचा कापूस पिंजून केसात कापूस घेऊन घरी यायचा, तर दारातच हे सुरू.

"आजून ल्हान हाईस तू," आई शहाबी म्हणाली.

"दिवस बी ल्हानच हाय की," जैतून म्हणाली.

एवढ्यावर रोजा ठरला.

पहिला रोजा म्हणजे घरात छोटं लग्नच. जैतूनला नवी ओढणी आली. पुण्याहून सर्व्हिस मोटारीनं खजूर आला. शेजारची बाळाबाई गुलगुल्यांसाठी गूळ चिरायला सकाळपासूनच येऊन बसली. तिनं जन्मभर एकादशा केल्या होत्या, पण या उपासाला पाणीसुद्धा चालत नाही हे ऐकल्यापासून ती जैतूनकडे जरा अदबीनंच बघायला लागली होती. संध्याकाळी रोजा सुटला की जैतूनच्या गळ्यात शेवंतीची माळ पडायची होती आणि ती बघायला सगळी आळी येणार होती.

जैतूनला कुराण शिकवायचे ते मदारचाचा. मशिदीच्या पडवीत त्यांची शाळा भरे. त्यांच्याकडे छडी होती, पण ती पडवीत शिरणाऱ्या कोंबड्यांसाठी. धडा संपला की प्रत्येक पोरानं ओंजळ पसरायची आणि दिवसातली एक तरी गोष्ट अल्लाला सांगायची, असा त्यांचा नेम होता.

"कंच्या भाषेत सांगायची?" जैतूननं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"तुला जी येती तीत."

"त्याला मराठी येती?"

"तुझ्या आधीपास्नं येती," चाचा म्हणाले.

मग काय विचारता. शेळी व्याली, शेजारच्या साळूनं बोरं लपवली, अब्बा रात्री खोकत होते, सगळं रोजच्या रोज वर पोचायला लागलं. बाकीची पोरं उठून घरी जायची तरी जैतूनची ओंजळ पसरलेलीच. एवढं बोलल्यावर कुणी परका राहतो होय? अल्ला तिला आपल्यातलाच वाटायचा.

रोजाच्या आदल्या दिवशी चाचांनी तिला नियम समजावले. खायचं नाही, प्यायचं नाही, खोटं बोलायचं नाही. "आन इसरून काय खाल्लंस तर रोजा मोडत न्हाई. आटवलं की थांबायचं, चूळ भरायची. ते अल्लानंच खाऊ घातलं म्हनायचं." जैतूनला हा नियम सगळ्यांत जास्त आवडला.

दुपारपर्यंत रोजा झकास चालला. मग वेळ जाईना. बाळाबाईची लेक साळू बापाची भाकरी घेऊन वावरात निघाली, तशी जैतूनही तिच्याबरोबर गेली. वाट हरभऱ्यातून जात होती आणि हरभरा घाट्यांनी, हिरव्या शेंगांनी, नुसता लगडला होता. त्या वाटेनं जायचं आणि घाटा तोडायचा नाही, असं दोघींनी कधी केलंच नव्हतं. बोलता बोलता जैतूनचा हात गेला, घाटा सोलला आणि दाणे पोटात गेलेसुद्धा.

"आगं, तुजा रोजा!" साळू ओरडली.

जैतूननं हातातलं टरफल टाकून दिलं. मग तिला चाचांचा नियम आठवला. तिनं पाटाच्या पाण्यानं चूळ भरली आणि वर आभाळाकडं बघून हसली.

"मोडला न्हाई. अल्लानं खाऊ घातलं मला."

"मला बी घालंल का?" साळूनं विचारलं.

"तू रोजच खातीस की."

साळूच्या बापाला, गेनबाला, भाकरी देऊन दोघी परत निघाल्या. एवढा वेळ मुकाट पडलेली भूक त्या दोन दाण्यांनी जागी केली होती. पुन्हा तीच वाट, तोच हरभरा. आणि जैतूनच्या डोक्यात आलं, परत विसरले तर?

मग ती विसरायच्या खटपटीला लागली. गाणं म्हणून झालं. डोंगराकडं बघून झालं. "साळे, माज्याशी कायतरी बोल. रोजाचं सोडून." साळूनं इमानेइतबारे नसरापूरच्या मावशीचं लग्न सांगायला घेतलं. जैतून मान डोलवत होती, आणि हात मात्र हळूहळू हरभऱ्याकडं निघाला होता. कुठं निघालाय ते त्या हाताला पक्कं ठाऊक होतं. घाटा तुटला, सोलला गेला, दाणे तोंडात पडले.

"इसरलीस व्हय?" साळूनं विचारलं.

"व्हय," जैतून तिच्याकडं न बघता म्हणाली.

दाणे कधी गिळले ते कळलंही नाही. ओठांवर हरभऱ्याची आंबट आंब तेवढी राहिली, ती ओढणीनं पुसली तरी जाईना. चाचांनी अल्लाची भीती कधी घातलीच नव्हती, त्यामुळे आता भ्यायचं कसं हेही तिला ठाऊक नव्हतं. लाज मात्र वाटली, अगदी रडू येईल एवढी. ज्यानं आपण होऊन खाऊ दिला, त्यालाच आपण फसवायला बघितलं. आणि आज ओंजळ पसरून त्याला सांगायचं तरी काय?

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. बाळाबाई होतीच, गेनबा आला, मदारचाचा आले. शहाबी माळ हातात घेऊन उभी होती. बांग झाली, सगळ्यांनी खजूर तोंडात टाकला. जैतूनचा खजूर तिच्या हातातच होता.

"खा की बाय," शहाबी म्हणाली.

"चाचा," जैतून मदारचाचांना म्हणाली, "पयला घाटा अल्लानं दिला. दुसरा म्या घेतला."

शहाबीचा चेहरा उतरला.

"ती इसरली व्हती, चाचा," साळू घाईनं म्हणाली. "म्या इचारलं ना तिला."

"न्हाई," जैतून म्हणाली. "इसरायला बघत व्हते."

"वावर माजं हाय," मागून गेनबा म्हणाला, "आन माजी काय तक्रार न्हाई." दोघेचौघे हसले. दस्तगीरनं घसा साफ केला. "लेकरूच हाय. लोक खोळंबल्यात, घाला ती माळ."

जैतूननं माळेकडं पाहिलं. तिला ती फार हवी होती. तरी ती दोन पावलं मागं सरकली.

चाचांनी तिला जवळ घेतलं. "रोजा तुला आजून लागू बी न्हाई, पोरी. तुला कोन काय बोलनार न्हाई. पर हे तू मला कशाला सांगतीस? ज्याला सांगायचं त्याला सांग जा."

जैतून परसात गेली आणि सरपणाच्या ढिगाआड ओंजळ पसरून बसली. आत गुलगुले गार होत होते. तिची कुजबुज घरात ऐकू येत होती, शब्द कळत नव्हते, पण ती मधेच थांबे आणि पुन्हा सुरू होई. अखेर ती नाक पुसत आत आली.

"काय म्हनला?" साळूनं विचारलं.

"काय बोलला न्हाई."

"मंग?"

"ऐकत व्हता," जैतून म्हणाली. "सगळं सांगून व्हईस्तवर मला उटावंच वाटंना. उद्या परत रोजा धरते म्हनलं त्याला."

मदारचाचा हसत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. हे एकदम दोन्ही कसं जमतं, याचं जैतूनला नवल वाटलं. मग तिनं गार झालेले गुलगुले भरपूर खाल्ले. शहाबीनं माळ ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी ना पाहुणे, ना गडबड. आई नको म्हणत असताना जैतून दुपारी साळूबरोबर त्याच वाटेनं गेली, दोन्ही हात ओढणीत घट्ट गुंडाळून. घाटे तसेच लगडले होते. येताना तिनं डोंगराकडं बघितलं नाही की साळूला काही बोलायला लावलं नाही.

संध्याकाळी बांगेच्या वेळेला साळू हरभऱ्याचा डहाळा घेऊन आली. "बानं दिलाय. तुज्यासाटी."

बांग झाली. जैतूननं अर्धा खजूर खाल्ला आणि घाटा सोलला. शहाबीनं जराशी सुकलेली माळ तिच्या गळ्यात घातली, पण तिचं तिकडं लक्षच नव्हतं. तिनं दाणे तोंडात टाकले आणि डोळे मिटून सावकाश चावले.

"कसा हाय?" साळूनं विचारलं.

"कालच्या पयल्यासारका," जैतून म्हणाली.