मी कपाटात गेलो नाही: पत्ताड्याच्या एका चाकूचे आत्मवृत्त

मित्रांनो, माझे पाते झिजून झिजून निम्म्यावर आले आहे, त्यामुळे मला म्हातारा म्हटले तर मी रागावणार नाही. मी घडी होणारा, खिशात राहणारा चाकू आहे. सार्डिनिया बेटावरच्या पत्ताडा गावात, उस्ताद गोनारियो यांच्या भट्टीत माझा जन्म झाला.

जन्म सोपा नव्हता. पोलादाची एक पट्टी लाल होईपर्यंत तापवली गेली, मग ऐरणीवर ठोकून तिला लांबट, टोकाशी निमुळत्या पानाचा आकार दिला गेला. नंतर उस्तादांनी लाल तापलेल्या मला गार पाण्यात बुडवून पाणी दिले. त्या वेळी मी असा काही चरचरलो की, आजही कोणी गरम तव्यावर पाणी शिंपडले तर मला तो क्षण आठवतो. माझी मूठ मेंढ्याच्या शिंगाची. शिंग वाकडे असते, म्हणून ते शेकून, दाबून सरळ करावे लागते, आणि ते मनासारखे सरळ होईपर्यंत उस्ताद कोणाशी बोलत नसत. पाते आणि मूठ खिळीने जोडल्यावर त्यांनी मला कानाजवळ नेले, उघडले आणि मिटले. 'टक्' असा आवाज झाला. ते स्वतःशीच म्हणाले, "बरा आहे." त्यांच्या तोंडून एवढे कौतुक क्वचितच निघे.

मला घेऊन गेला तो बाकिस नावाचा तरुण मेंढपाळ. आमच्या गावात जेवायला बसले की ज्याने त्याने आपापल्या खिशातून आपापला चाकू काढायचा असतो. दुसऱ्याचा चाकू मागणे म्हणजे दुसऱ्याची चप्पल मागण्यासारखे. बाकिसबरोबर मी डोंगरावर राहिलो. चीज कापले, सुकवलेले मांस कापले, मेंढ्यांचे खूर तासले, टोपल्यांसाठी बोरू चिरले, काटेरी तारेत अडकलेल्या गाभण मेंढीची लोकर कापून तिला सोडवले. लग्नाची बोलणी करायला बाकिस मुलीच्या घरी गेला, तेव्हा मुलीच्या वडिलांनी त्याच्याकडे नीट पाहिलेही नाही. आधी त्यांनी मला हातात घेतले, पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हत्यार स्वच्छ ठेवतोस. ठीक आहे, बस." त्या दिवशी माझी छाती अशी फुगली होती की मी मिटायलाच तयार नव्हतो.

पण दिवस सारखे राहत नाहीत. बाकिसचे गुडघे गेले. मेंढ्या पुतण्याकडे गेल्या, बायको देवाघरी गेली. जेवण म्हणजे वाटीभर सूप, त्याला चाकू कशाला हवा? माझी खीळ सैल झाली होती, पात्यावर गंजाचे ठिपके आले होते. एके वर्षी हिवाळ्यात त्याच्या खिडकीचे दार वाऱ्याने खडखडू लागले. त्याने इकडेतिकडे पाहिले, मला उचलले आणि दाराच्या फटीत कोंबून टाकले. खडखड थांबली. मित्रांनो, ज्या पात्यावर एकेकाळी होणाऱ्या सासऱ्याने अंगठा फिरवला होता, ते आता लाकडाच्या तुकड्याचे काम करत होते. पाऊस अंगावर येई. मी पाचर झालो होतो.

तिथून मला बाहेर काढले बोनारियाने.

बोनारिया आमच्या गावाहून तालुक्याला जाणारी बस चालवते. आडव्या बांध्याची, मोठ्या आवाजाची बाई. तिला चाकू जमवण्याचा नाद आहे. तिच्या बसमध्ये सीटखाली एकदा कोणाचा तरी जुना चाकू सापडला, मालक मिळाला नाही, आणि तिथून हा नाद सुरू झाला. बाकिस दवाखान्यात जायला तिचीच बस पकडे. एकदा तो दिसला नाही, म्हणून ती त्याची औषधे घेऊन घरी आली. औषधे टेबलावर ठेवताना तिची नजर खिडकीकडे गेली.

"बाकिसकाका, हे काय कोंबलंय खिडकीत?"

"काय असणार? जुना चाकू आहे."

"जुना चाकू?" तिने मला ओढून काढले, पदराने, म्हणजे तिच्या स्वेटरच्या कडेने पुसले. "काका, तुम्हाला लाज वाटत नाही? हा गोनारियो उस्तादांच्या हातचा आहे. शिंग बघा कसलं आहे."

"मला आता शिंगाचं काय करायचंय? तुला हवा असेल तर ने. खिडकीला मी पुठ्ठा लावीन."

आमच्याकडे चाकू फुकट देत नाहीत, मैत्री तुटते असे मानतात. म्हणून बोनारियाने त्याच्या हातावर एक नाणे ठेवले. काकांनी ते दाताखाली धरून पाहिले आणि म्हणाले, "खरं आहे. जा आता."

तिच्या स्वयंपाकघरात माझे नशीब पालटले. तिने माझा गंज बुचाच्या तुकड्याने आणि राखेने घासून काढला, खिळीत तेलाचा थेंब सोडला, धारेच्या दगडावर मला हळूहळू जागे केले. मग आपल्या फळीवर ठेवले. तिथे माझ्यासारखे कितीतरी होते: द्राक्षमळ्यातला एक बुटका, वाकड्या चोचीचा, बुचाच्या झाडांची साल काढणाऱ्याचा एक जाड मानेचा, स्पेनहून आलेला एक लांबोडा, जो उघडताना करकर करकर असा गाजावाजा करी. सगळे वापरलेले, झिजलेले. बोनारियाला नवे कोरे चाकू आवडत नसत. ती आम्हाला टेबलावर शेजारी शेजारी मांडे, एकेकाला उघडून कान देई, कोणाची मूठ कुठे झिजली आहे ते बोटांनी चाचपून पाही. "हा डावखुरा होता," ती म्हणे. "आणि हा घाईचा माणूस, याने पातं कधी नीट मिटलंच नाही." एकाशी दुसऱ्याची तुलना करण्यात तिची दुपार निघून जाई.

गावात चाकू जमवणाऱ्यांचे एक मंडळ आहे. दर रविवारी चर्च सुटले की ही मंडळी बारच्या मागच्या खोलीत जमतात. अध्यक्ष आहेत औषधाच्या दुकानाचे मालक कोस्तांतिनो. माणूस सभ्य, चाकूंवर जिवापाड प्रेम करणारा, पण त्यांचे प्रेम मखमलीवरचे. त्यांच्याकडच्या चाकूंनी कधी सफरचंदाची सालसुद्धा पाहिलेली नव्हती. बोनारिया आत आली की तिथे हसू फुटे.

"ये, ये बोनारिया," कोस्तांतिनो म्हणत. "वृद्धाश्रमात आज कोण नवीन दाखल झालं?"

"जागा आहे अजून, भाऊ," ती खुर्ची ओढत म्हणे. "तुमचं नाव घालून ठेवू का?"

त्या वर्षी उन्हाळा सरताना मंडळाने मोठी स्पर्धा ठरवली. गावच्या सभागृहात काचेचे एक नवे कपाट आले होते, आत दिवा, खाली मखमल, दाराला कुलूप. स्पर्धेत जो चाकू पहिला येईल तो कायमचा त्या कपाटात जाणार होता. बोनारिया मला नेणारच नव्हती. पण बसमध्ये बाकिसकाकांनी विषय काढला.

"माझा चाकू नेतेस की नाही?"

"तुमचा कुठला, काका? माझा आहे तो आता."

"बरं, तुझा. ने त्याला. कोणापुढे मान खाली घालणारा नाही तो."

"त्याची खीळ डुगडुगते."

"माझे गुडघे डुगडुगतात," काका म्हणाले. "तरी मी येणारच आहे बघायला."

अशा रीतीने मी सभागृहातल्या लांब टेबलावर जाऊन पोचलो. माझ्या शेजारी कोस्तांतिनोंचा चाकू होता. काळ्याभोर शिंगाचा, चांदीच्या कड्याचा, पाते असे की त्यात छत दिसावे. खरे सांगतो, मला माझ्या ठिपक्यांची लाज वाटली. परीक्षक होती जुआन्ना, गोनारियो उस्तादांची मुलगी. वडिलांमागे भट्टी तीच चालवते. तिने मला पाहिले, पात्यावरची वडिलांची खूण ओळखली, पण चेहऱ्यावर काही दाखवले नाही.

पहिली परीक्षा डोळ्यांची. काळा चाकू अव्वल, मी कुठेच नाही. दुसरी कानांची. काळ्याचा 'टक्' घंटेसारखा वाजला. माझा जरा घोगरा आला, आणि मागून कोणीतरी म्हणाले, "आजोबांना खोकला झालाय." लोक हसले. बोनारियाचे कान लाल झाले.

तिसरी परीक्षा हाताची. दरवर्षी यात कागदाची पट्टी कापत. जुआन्नाने टोपलीतून कागद काढलाच नाही. तिने खारवलेल्या चीजचा मोठा गोळा, बुचाचा ठोकळा आणि दाव्याचा जाड दोर टेबलावर ठेवला.

"ज्याचा चाकू, त्याने कापायचं," ती म्हणाली.

कोस्तांतिनोंनी आपला चाकू उचलला, चीजकडे पाहिले, पात्याकडे पाहिले.

"जुआन्ना, यात मीठ आहे."

"चीज आहे, भाऊ. मीठ असणारच."

"पातं काळं पडेल."

"पुसलं तर नाही पडणार."

त्यांनी चाकू अलगद मखमलीवर परत ठेवला. त्यांचे पाहून आणखी काहींनी आपले चाकू मागे घेतले. काहींनी हिंमत केली. चीज बहुतेकांना जमले, पण बुचाने त्यांचा घाम काढला. एका देखण्या चाकूची धार बुचाच्या ठोकळ्यात मुडपली आणि त्याचा मालक खुर्चीत बसून राहिला.

मग माझी पाळी आली. चीज मी असे कापले की चकती पलीकडे पडेपर्यंत कोणाला कळले नाही. बुचातूनही पार झालो. पण दोराला निम्म्यापर्यंत चिरले आणि माझी खीळ हलली. पाते कलले. बोनारिया थबकली. तेवढ्यात पुढच्या बाकावरून बाकिसकाका शांतपणे म्हणाले, "अंगठा वर घे, पोरी. मुठीवर खड्डा आहे ना, तिथे."

तो खड्डा काकांच्याच अंगठ्याने वर्षानुवर्षे पडलेला होता. बोनारियाने तिथे अंगठा टेकवला आणि माझे डुगडुगणे थांबले. एक ओढ, आणि दोराची दोन टोके टेबलाच्या दोन्ही बाजूंना लोंबली. मला खिडकीतला सगळा हिवाळा वसूल झाल्यासारखे वाटले.

जुआन्ना म्हणाली, "तिन्ही वस्तू कापणारा हा एकटाच. हा पहिला."

टाळ्या झाल्या. मघाशी खोकल्याची थट्टा करणाऱ्यानेही वाजवल्या. कोस्तांतिनो उठले, त्यांनी बोनारियाशी हात मिळवला आणि खिशातून किल्ली काढून कपाट उघडले. आतला दिवा लागला. मित्रांनो, जिंकल्याच्या आनंदात मी हे विसरूनच गेलो होतो. ती मखमल, ती काच, ते कुलूप पाहून माझे पाते आपोआप मिटू पाहू लागले.

"आण त्याला," कोस्तांतिनो म्हणाले. "याच्यासाठीच आणलंय हे."

बोनारिया जागची हलली नाही. "पहिला नंबर घेते, भाऊ. कपाट नको."

"असं कसं? नियम आहे. अगं, सगळं गाव बघेल त्याला. तुझं नाव लागेल खाली."

"बघून काय करतील? आज तुम्ही सगळ्यांनी त्याला ओळखलं, ते कापताना ओळखलं. दिव्याखाली तुम्ही त्याचे ठिपके मोजत बसला असता."

"मग इथे धूळ खात पडू देऊ कपाट?"

बाकिसकाका काठी टेकत पुढे आले. "कोस्तांतिनो, मी त्याला खिडकीत कोंबून ठेवला होता. माझी चूक झाली. तुझी खिडकी जरा चकचकीत आहे, एवढाच फरक."

सगळे जुआन्नाकडे बघू लागले. ती हात पुसत म्हणाली, "माझ्या वडिलांनी आयुष्यात एकही चाकू बघण्यासाठी केला नाही. नियम मंडळाचा आहे, तर मंडळानेच बदलावा. माझं म्हणणं विचाराल, तर पहिला आलेला चाकू आजच्या पंगतीत सगळ्यांच्या हातून फिरावा. आणि कपाटात पेले ठेवा. पेल्यांना जागा नाहीये इथे."

हात वर झाले. सगळ्यांचे नाही, पण पुरेसे. कोस्तांतिनोंनी किल्लीकडे पाहिले, ती कुलपातच राहू दिली आणि म्हणाले, "ठीक आहे. पेले तर पेले."

टेबलावरच पंगत बसली. भाजलेले मांस आले, पातळ कुरकुरीत भाकऱ्या आल्या, वाइन आली. आणि आमच्या गावात जे कधी होत नाही ते झाले: एकच चाकू सगळ्यांच्या हातून फिरला. ज्यांनी वृद्धाश्रम म्हणून हिणवले होते, त्यांच्या बोटांची ऊब मला मिळाली. प्रत्येक जण कापण्याआधी मुठीवरचा तो खड्डा अंगठ्याने चाचपून बघत होता. फिरत फिरत मी कोस्तांतिनोंपर्यंत पोचलो. त्यांनी मला हातात घेतले, तोलून पाहिले आणि न वापरताच शेजाऱ्याकडे दिले. सगळ्यांना वाटले, रुसले. पण त्यांनी मखमलीवरचा आपला काळा चाकू उचलला, चीजचा गोळा पुढे ओढला आणि एक जाड चकती कापली. इतका वेळ लावून चीज खाताना मी कोणाला पाहिले नव्हते.

"कसा कापतो?" बोनारियाने विचारले.

"मला तरी आजवर कुठे माहीत होतं," ते म्हणाले आणि त्यांनी दुसरी चकती कापली.

त्या काळ्या चाकूला त्या क्षणी काय वाटले असेल, ते फक्त मीच सांगू शकतो. उस्तादांनी मला पहिल्यांदा कानाजवळ नेले तेव्हा मला वाटले होते, तसेच.

मित्रांनो, मी काही खेळणे नाही. मोठ्यांना विचारल्याशिवाय माझ्यासारख्याला हात लावू नका, आणि कोणाच्या हातात देताना आधी मिटा. पण तुमच्या घरात एखादे जुने अवजार कुठे गंजत पडले असेल, तर त्याला टाकून देऊ नका आणि देव्हाऱ्यातही बसवू नका. पुसा, तेल द्या, धार लावून घ्या आणि कामाला लावा. छंद म्हणून जमवा, एकमेकांशी ताडून पाहा, जरूर पाहा. फक्त काम झाले की पाते कोरडे करून ठेवा, एवढे एकच मागणे आहे.

बस सुटायची वेळ झाली. बोनारियाचा खिसा उबदार आहे आणि तिच्या डब्यात आज पिकलेली नासपती आहे. मला निघाले पाहिजे.