सपाट सुरात

"शेपटी दिसतेय. तोंड कुठाय?" शेजारच्या लुंग समराननी, म्हणजे समरानकाकांनी, उंबऱ्याबाहेरूनच विचारलं.

"मशीनखाली," कुंग म्हणाली. "आत येऊ नका, लुंग. आणि तिचं नाव घेऊ नका."

"मी कशाला घेतोय ते अपशकुनी नाव! सोनं-रुपं म्हणायचं, सोनं-रुपं." त्यांनी हात जोडले. "आलात, जेवलात, आता बरकत ठेवून निघा, बाईसाहेब."

घोरपड कालव्याच्या पायऱ्या चढून, स्वयंपाकघर ओलांडून पुढच्या खोलीत आली होती. जमिनीवरच्या लाल देव्हाऱ्यापुढचं उकडलेलं अंडं तिने टरफलासकट गिळलं आणि शिवणयंत्राच्या पायडलखाली जाऊन पडली. कुंगने दुमडायला घेतलेले शाळेचे निळे स्कर्ट तिच्या पोटाखाली चुरगळले होते. बँकॉकच्या या बाजूला हे अधूनमधून घडतंच. बंबवाले येतात, फास टाकतात, घेऊन जातात. कुंगने त्यांना फोन केला होता. पण तिचं लक्ष घोरपडीकडे नव्हतं.

मा बोलली होती.

अर्धांगाचा झटका आल्यापासून तिची आई खिडकीजवळच्या खाटेवर होती. रोज सकाळी पेज भरवताना कुंग स्वतःच्या छातीवर बोट ठेवायची. "म्हण मा, कुंग. कुंग." माचे ओठ हलायचे, शब्द यायचा नाही. वर्ष उलटून गेलं. आणि आज, खोलीत शिरणाऱ्या घोरपडीकडे मान वळवून मा म्हणाली, "हिया."

शब्द एकच, पण कुठला? सपाट सुरात म्हटला तर थोरला भाऊ. त्यांच्यासारख्या चिनी घरांत थोरल्या मुलाला सगळेच हिया म्हणतात, आईसुद्धा. सूर खाली पाडला की तीच घोरपड, आणि शिवीही. इतकी घाण शिवी, की लहानपणी एकदा तोंडातून निघाली तेव्हा माने कुंगच्या ओठांना मिरची चोळली होती. आणि झटक्यापासून माची जीभ जड झालेली. शब्द आला, सूर मात्र धड सपाट नाही, धड पडलेला नाही.

"अगं, समोर घोरपड, तोंडातून हिया," लुंग म्हणाले. "यात कोडं कसलं?"

"माने जन्मात शिवी दिली नाही."

"मग किती साठल्या असतील बघ! माझी सासू शेवटीशेवटी फक्त शिव्याच द्यायची. त्याही मला एकट्यालाच."

"आणि ती हाक असेल तर, लुंग?"

लुंगनी जोडलेले हात खाली घेतले. "मग तुझ्या भावाला, विरोजला कळव."

"तो माझ्याशी बोलत नाही."

"ते गल्लीला ठाऊक आहे. तरी कळव."

गल्लीने ऐकलंच होतं. दोन वर्षांपूर्वी याच उंबऱ्यात विरोज म्हणाला होता, घर विकू, माला मी दक्षिणेत, माझ्याकडे हात याई शहरात नेतो, तू तुझं बघ. तेव्हा कुंगने त्याला हाक मारली, रोजच्यासारखीच, फक्त सूर पाडला. खोलीत मा होती. विरोजने बूट घातले आणि गेला. पुढे मा आजारी पडल्यावर दवाखान्यात येऊन गेला, तोही कुंग डबा आणायला घरी गेली असताना.

म्हणजे आज माला मुलगा हवा होता? की समोरचा प्राणी दिसला एवढंच? की त्या दिवशीचा कुंगचा शब्द ती कुंगलाच परत करत होती?

बंबवाले आले. त्यांच्यातल्या एकाने वाकून पाहिलं. "हे तर पोर आहे, मावशी. हिचा बाप पुलाखाली असतो, तो आला असता तर खाटही उचलली असती." त्याने फास सरकवला. मशीन हललं, रिळं घरंगळली, घोरपडीने एकदा शेपूट आपटलं. मग तोंडाला चिकटपट्टी लावून त्यांनी तिला दारातून बाहेर नेलं. मा दाराकडे बघत राहिली. घोरपड गेली, गाडी गेली, तरी बघत राहिली.

विरोजही त्याच दारातून गेला होता.

कुंगने फोन लावला. तो उचलेल असं वाटलं नव्हतं. त्याने उचलला. कुंगने श्वास घेतला आणि कापडावरून इस्त्री फिरवावी तसा तो शब्द अगदी सपाट म्हटला.

"हिया."

"काय झालं? मा कशी आहे?"

"मा बोलली."

"काय म्हणाली?"

"हिया म्हणाली."

पलीकडचा रस्त्याचा आवाज कमी झाला, तो आडोशाला गेला असावा. मग विरोजने विचारलं, "कुठल्या सुरात?"

कुंगने जमिनीवरच्या चुरगळलेल्या स्कर्टांकडे पाहिलं. घोरपडीबद्दल तिने काहीच सांगितलं नव्हतं.

"सपाट."

"नक्की?"

"मी समोर होते."

त्याने नाक शिंकरलं. "संध्याकाळची गाडी मिळते का बघतो. सकाळी पोचेन."

"पेज करून ठेवते."

"आणि खारवलेलं अंडं. तुझ्या हातचं."

फोन ठेवून कुंगने नवं अंडं उकडलं, देव्हाऱ्यापुढे ठेवलं आणि माच्या खाटेपाशी येऊन बसली. लुंग अजून उंबऱ्यातच होते, रिळं वेचून पुढे करत होते. कुंगने सवयीने छातीवर बोट ठेवलं.

"आणि ही कोण, मा?"

माने तिच्याकडे पाहिलं. मशीनखालच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. तोंडाची चांगली बाजू किंचित वर गेली.

"हिया," मा म्हणाली. या वेळी सूर खाली पडला. स्वच्छ पडला.

लुंग खोकले आणि हातातलं रीळ उलटसुलट करून पाहू लागले.

कुंगने रुमालाने माची हनुवटी पुसली.

"हो मा," ती म्हणाली, "सकाळी येतोय."