तीनास एक

"काय गं, गप्प का? तुझ्या घरचंच तर गणित आहे," दिपोटी साहेब म्हणाले, आणि सगळा वर्ग हसला.

भिंगारच्या छगन गवळ्याची गोदू मान खाली घालून उभी राहिली. शाळा तपासायला आलेला हा सरकारी साहेब आज चौथीतल्या एकाच मुलीला शिष्यवृत्ती देणार होता. गोदूचं नाव खुद्द दत्तोपंत गुरुजींनी पुढे केलं होतं. बापाने घरी बजावलं होतं, "सरकारनं पैकं दिलं तर शीक. न्हाईतर वैशाखात लगीन."

आधीचं गणित तिने पाटीला हात न लावता सोडवलं होतं. सहा आणे शेराचा तांदूळ आणि दहा आणे शेराचा तांदूळ, मिसळून सात आण्याला पडायला हवा. "तीन शेर हलका, एक शेर भारी," साहेबांचं बोलणं संपतं न संपतं तोच ती म्हणाली होती. त्यांच्या भुवया वर गेल्या. मग त्यांनी पुस्तकाचं पान उलटलं. गवळ्याला चार आणे शेराचं दूध तीन आणे शेराने विकायचं आहे, नफा नको आणि तोटाही नको. तर किती दुधात किती पाणी घालावं?

उत्तर तेच होतं. तीनास एक. ते गोदूच्या जिभेवर येऊन थांबलं.

रेशनच्या ज्वारीत खडे मिसळणारा दुकानदार त्या पुस्तकात कुठेच नव्हता. गवळी मात्र पानोपानी, आणि दर वेळी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या. घरी आई धुतलेली चरवी चुलीपाशी उपडी घालून खडखडीत सुकवी. एकदा ओल्या चरवीत धार काढली म्हणून गोदूने पाठीत धपाटा खाल्ला होता.

"आमी न्हाई घालत," ती म्हणाली.

"अगं, पुस्तकातला गवळी घालतो."

"मंग त्यालाच इचारा."

वर्ग पुन्हा हसला. गुरुजीही हसले. उपरण्याआड हसले, पण हसले. रोज सकाळी तिच्याच चरवीतलं दूध पिणारे गुरुजी.

शिष्यवृत्ती वकिलांच्या पुष्पावतीला मिळाली.

"सांगून टाकायचं हुतंस," भीमाबाई लेकीला म्हणाली. "नुसतं गणितच हुतं न्हवं?"

"सायबाम्होरं म्हनू, आमी पानी घालतो म्हनून?"

आईने चरवी उचलली, आतून बोट फिरवून पाहिलं आणि पुन्हा उपडी घातली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या दारात त्यांच्या पत्नीने, प्रेमलाकाकूंनी, रोजच्यासारखा दुधाचा थेंब अंगठ्याच्या नखावर घेतला. पाणी असलं की ओघळतो.

"अगं, आजच्या दिवस राहू दे," ओट्यावरून गुरुजी म्हणाले.

"का? रोज तर बघते."

थेंब नखावर तसाच उभा होता. काकूंनी तो पदराला पुसला. गोदूने माप भरून ओतलं, गुरुजींकडे न बघता पायरी उतरली.

शाळेची घंटा झाली तेव्हा ती वकिलांच्या दारात होती. तिथेही एक अंगठा पुढे आला.